गोराईतल्या जुन्या घराच्या चुनाकामाची आणि धुराड्याची दुरुस्ती : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

आमचे गोराई गावातले घर १९३५ च्या सुमारास आजोबांनी बांधले. काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात बांधलेल्या दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंती, मंगलोरी कौलांचे दुपाखी छप्पर आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला धरून उभे असलेले विटांचे धुराडे, असे त्याचे रूप आहे. आजोबा परळच्या एका गिरणीत बॉयलरवर कामाला होते आणि चुलीच्या धुराने आजीचे डोळे कायम लाल असत, म्हणून त्यांनी हौसेने हे धुराडे बांधून घेतले, असे घरात सांगतात. गावातल्या बहुतेक घरांत धूर कौलांच्या फटींतूनच जात असे, त्यामुळे आमच्या धुराड्याचे एके काळी कौतुक होते. आज त्या घरात माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या राहते. गॅस असूनही अंघोळीचे पाणी आणि मासळीचे कालवण ती चुलीवरच करते, त्यामुळे धुराडे हा तिच्या रोजच्या वापरातला भाग आहे.

या घराच्या भिंतींची आणि धुराड्याची दुरुस्ती ज्या गवंडी मिस्त्रींनी केली, त्यांच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. काम मार्च २०२४ मध्ये संपले. तेव्हाच लिहिण्याची इच्छा होती, परंतु मुंबईत भिंतीच्या कामाची खरी परीक्षा पावसाळाच घेतो, म्हणून दोन पावसाळे जाऊ दिले. मिस्त्री वसईकडचे आहेत, स्वतः, त्यांचा मुलगा आणि दोन बिगारी एवढाच त्यांचा संच आहे आणि वर्षाला तीन-चार घरांपलीकडे ते काम घेत नाहीत. त्यांचे नाव आणि फोन क्रमांक असे जाहीर लिहायला त्यांनी नको सांगितले, म्हणून येथे देत नाही. कामाचा तपशील मात्र पूर्ण देतो, कारण जुन्या घरासाठी गवंडी निवडताना कोणाला काय विचारावे, हे मला स्वतःला फार उशिरा आणि बरेच पैसे गेल्यावर कळले.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, त्या दिवशी धुराड्याचा वरचा अडीच फुटांचा भाग स्वयंपाकघराच्या पाख्यावर कोसळला. पाऊस तोंडावर होता, करोनामुळे माणसे मिळत नव्हती, म्हणून जो ठेकेदार लगेच यायला तयार झाला त्याला काम दिले. त्याने दहा दिवसांत धुराडे सिमेंटमध्ये बांधून वर सिमेंटची लादी बसवली, स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतींवरचा भुसभुशीत चुन्याचा गिलावा उतरवून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर पाणी न शिरण्याची हमी देणारा रंग लावला आणि आतून पुट्टी मारली. घर नव्यासारखे दिसू लागले आणि आम्ही समाधानाने पैसे दिले. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढली, पुट्टीचे पोपडे सुटले आणि त्याखाली विटांना लोणा, म्हणजे वीट कुरतडणारा खार, लागलेला दिसला. विटेवरून बोट फिरवले की लाल भुकटी हातात येत असे. धुराड्याची तर निराळीच तऱ्हा झाली होती. वरच्या लादीखाली जेमतेम चार बोटांची फट ठेवलेली असल्याने धूर परत खोलीत उतरू लागला आणि आत्याचा खोकला वाढला. त्या ठेकेदाराला पुन्हा बोलावले, तेव्हा त्याने आणखी एक थर रंगाचा मारावा असे सुचवले.

यानंतर वर्षभर मी गवंडी शोधत होतो. बोलावलेल्या चौघांपैकी तिघांनी भिंत पाहण्याआधीच चौरस फुटाचा भाव सांगितला. या गोष्टीची मला खंत वाटते, कारण ज्या गोराईत एकमेकांत गुंतवलेल्या दगडांचा, आत एकही खांब नसलेला विश्व विपश्यना पॅगोडाचा प्रचंड घुमट उभा आहे, त्याच गोराईत चुन्याची एक दरज, म्हणजे दोन विटांमधला सांधा, नीट भरणारा माणूस आम्हाला मिळत नव्हता. शहरात ही विद्या मेलेली नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ साली आणि भायखळा स्थानकाच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला. पण ही कौशल्ये मोठ्या वास्तूंपर्यंतच पोहोचतात, आणि गावठाणातल्या कौलारू घरांच्या वाट्याला सिमेंटचे पोते येते. आमचे मिस्त्री तरुणपणी दक्षिण मुंबईतल्या अशाच एका पुरातन वास्तूच्या कामावर पाच वर्षे होते. चुना ते तिथेच शिकले.

पहिल्या भेटीत त्यांच्याकडे एक छोटी हातोडी, एक लांब खिळा आणि बॅटरी एवढेच सामान होते. दोन तास ते भिंतीवर हातोडी टेकवत फिरले. जिथे आवाज टणक आला तिथे काही केले नाही, जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने गोल काढला, आणि शेवटी स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत जवळजवळ पूर्ण गोलांनी भरली. मग त्यांनी एका दरजेत खिळा फिरवला. वरचे सिमेंट खिळ्याला दाद देत नव्हते, पण अर्धा इंच आत जुना चुना ओल्या साखरेसारखा सुटत होता. आत्याला त्यांनी पावसाचे पाणी अंगणात कुठून येते, कुठे तुंबते आणि न्हाणीचे पाणी कुठे जाते, हे तीनतीनदा विचारले. मी मध्येच दराचा विषय काढला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “साहेब, जुन्या भिंतीत पाणी जाणारच. बाहेर यायची वाट तुम्ही बुजवलीत. आधी ती मोकळी करू, दर मग बोलू.”

त्यांच्या म्हणण्यामागचे कारण मी नंतर समजून घेतले. चुन्यातल्या भिंतीला जमिनीतली ओल आणि पावसाचे पाणी थोडेफार मिळतच असते, परंतु चुना सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी दरजांतून आणि गिलाव्यातून बाहेर येऊन सुकते. सिमेंटचा गिलावा आणि वरचा रंग ही वाट बंद करतात. मग ओल बाहेर पडण्यासाठी आणखी वर चढते किंवा आतल्या बाजूने फुटते. तिच्याबरोबर विरघळलेले क्षार येतात, आणि गोराईसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात ते मुळातच जास्त असतात. पाणी सुकले की क्षारांचे स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढतात आणि विटेचा पृष्ठभाग आतून फोडतात. त्यात सिमेंट जुन्या विटेपेक्षा कठीण असल्याने भिंत थोडी हलली की तडा दरजेत न जाता विटेत जातो. दरज बदलता येते, फुटलेली वीट बदलणे अवघड असते, म्हणून दरजेतला माल विटेपेक्षा नरम हवा. आमच्या पहिल्या ठेकेदाराने नेमके याच्या उलट केले होते, आणि त्यात त्याचा वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. त्याला नव्या इमारतींचे काम येत होते आणि तेच त्याने जुन्या घरावर केले.

डिसेंबर २०२३ मध्ये काम सुरू झाले. पहिले अकरा दिवस फक्त सिमेंट काढण्यात गेले. मी ग्राइंडर भाड्याने आणून देण्याची तयारी दाखवली, पण चाकाने दरजेबरोबर विटेच्या कडाही कापल्या जातात, म्हणून त्यांनी नकार दिला आणि बारीक छिन्नीने, एकेक दरज, तिच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत मोकळी केली. त्यानंतर तीन आठवडे भिंत तशीच उघडी ठेवली. मधूनमधून कोरड्या कुंचल्याने वर फुटलेला खार झाडून गोळा करायचा आणि घराबाहेर नेऊन टाकायचा, एवढेच काम होते. शेजारीपाजारी येऊन काम बंद पडले का विचारत, आणि खरे सांगायचे तर माझाही धीर सुटत होता. परंतु त्या तीन आठवड्यांत भिंतीचा रंग वरून खाली हळूहळू फिका होत गेलेला मी प्रत्येक रविवारी पाहिला.

त्याच काळात चुना तयार होत होता. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो, त्याला पाणी मिळाले की तो फुलतो, आणि भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो सावकाश पुन्हा चुनखडी होतो, हे शाळेत शिकलेले होते. प्रत्यक्ष पाहिले ते पहिल्यांदाच. मिस्त्रींनी परसात विटांचे टाके केले, त्यात आधी पाणी भरले आणि मग चुन्याचे खडे थोडेथोडे सोडले, कारण खड्यांवर पाणी ओतले तर ते अंगावर उडते. मिनिटभर काहीच झाले नाही. मग खडे तडकू लागले, पाणी खदखदू लागले आणि वाफ आंब्याच्या फांदीपर्यंत गेली. मुलाला त्यांनी चष्म्याशिवाय टाक्याजवळ फिरकू दिले नाही. तो चुना गाळून, वर चार बोटे पाणी ठेवून, महिनाभर तसाच राहू दिला. शेवटी थापीवर घेतला तेव्हा तो लोण्यासारखा गोळा होऊन बसत होता.

मालाचे प्रमाण एक घमेले चुना, एक सुरखी आणि दोन घमेली वाळू असे होते. सुरखी त्यांनी आमच्याच पडलेल्या जुन्या विटा कुटून केली. भाजलेल्या मातीच्या भुकटीमुळे चुना ओलीतही आळतो, म्हणून पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला ती हवीच, असे त्यांचे मत होते. हिरडा आणि गूळ भिजवलेले पाणीही घातले, पण अगदी बेताने. वाळूबाबत ते फार कडक होते. गावात किनारा हाकेच्या अंतरावर असताना त्यांनी तिथली मूठभर वाळूही घेतली नाही, कारण तिच्यातले मीठ भिंतीत घातले की लोणा आपल्याच हाताने पेरल्यासारखे होते. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने टेम्पोत आली, आणि तीही धुऊन वापरली. दरजा भरल्यावर आणि गिलावा केल्यावर ओली गोणपाटे लावून पंधरा दिवस दिवसातून तीनदा पाणी मारण्याचे काम आत्याने आनंदाने अंगावर घेतले होते. रंगाऐवजी वरून चुन्याच्या सफेदीचे पाच पातळ हात दिले आहेत.

धुराड्याचे काम मला सर्वांत जास्त आवडले. आधी त्यांनी आतला भाग साफ केला. कावळ्यांच्या घरट्यातल्या तारा आणि दोन घमेली काजळी निघाली, आणि त्याखाली डांबरासारखा चकचकीत कठीण थर होता. ओली लाकडे आणि नारळाची सोडणे धुमसत जळली की असा थर साचतो, आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेऊ शकतो. कौलांखालीच सागाचे वासे असलेल्या घरात ही बारीक गोष्ट नव्हे. सिमेंटमध्ये बांधलेला वरचा चार फुटांचा भाग त्यांनी उतरवला आणि चुन्यात पुन्हा बांधला. आतून चुना, वाळू आणि शेण यांचा गिलावा केला. शेणाचे ऐकून मी बिचकलो होतो, पण युरोपातल्या जुन्या घरांच्या धुराड्यांनाही आतून चुना-शेणाचाच गिलावा करत असत, कारण उष्णतेने सिमेंट तडकते आणि हा गिलावा ताण सोसतो.

पूर्वीच्या ठेकेदाराने धुराडे आढ्यापेक्षा बुटके ठेवले होते, त्यामुळे समुद्राकडचा वारा पाख्यावरून उसळून धूर खाली दाबत असे. छपरातून निघालेले धुराडे किमान ३ फूट वर हवे आणि आजूबाजूच्या १० फुटांत जे काही उंच असेल त्याहून किमान २ फूट उंच हवे, असा पाश्चात्त्य देशांतल्या बांधकामाचा नियम आहे. मिस्त्रींना तो आकड्यांत माहीत नव्हता, पण परांचीवर उभे राहून हातात धरलेल्या उदबत्तीचा धूर कुठे वळतो हे पाहून त्यांनी जी उंची ठरवली, ती मोजल्यावर त्या नियमात बसली. माथ्यावर आता चार विटांच्या पायांवर दगडी लादी आहे आणि चारही बाजूंनी फूटभर मोकळी जागा असून तिला कावळ्यांसाठी जाळी लावली आहे.

धुराडे आणि कौले यांच्या सांध्याला पत्रा बसवायचा होता. खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा टिकत नाही, म्हणून मी अॅल्युमिनियमचा सुचवला. ओला चुना अॅल्युमिनियम खातो, असे सांगून त्यांनी तो परत पाठवला आणि तांब्याचा मागवला. त्याची एक कड विटांच्या दरजेत इंचभर आत खोचली आणि दुसरी कौलांवर पसरली. शेवटी परीक्षेसाठी चुलीत ओला भाताचा पेंढा पेटवला, वरचे तोंड गोणपाटाने बांधले आणि आम्ही सर्वजण भिंतीशी उभे राहिलो. माजघराच्या बाजूला, बरोबर देवळीच्या मागे, एका दरजेतून धुराचा बारीक धागा निघाला. ती दरज त्याच दिवशी उकरून भरली. ती जागा अन्यथा आम्हाला कधीही सापडली नसती.

आता उणिवा. पंचेचाळीस दिवसांत संपवण्याचे काम चौऱ्याऐंशी दिवस चालले. त्यातला चुना मुरण्याचा आणि भिंत सुकण्याचा वेळ योग्यच होता, पण तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता. मध्ये एकदा नऊ दिवस ते गावच्या जत्रेला गेले आणि फोनही उचलला नाही. अंदाजपत्रक वहीच्या एका पानावर होते आणि दोनदा मागितल्यावरच तपशील मिळाला. काढलेल्या सिमेंटचा ढीग विहिरीजवळ दोन आठवडे पडून होता. एका खिडकीच्या उंबऱ्याचा उतार आतल्या बाजूला झाला होता, तो मी पाणी ओतून दाखवल्यावर त्यांनी मान्य केला आणि मोडून पुन्हा केला. लाकूडकामात ते पडत नाहीत. वाशांसाठी आणि साठेक कौले बदलण्यासाठी वेगळा सुतार पाहावा लागला. आमची कौले जुन्या मापाची असल्याने नवी जुळेनात, शेवटी पाडलेल्या घरांचे सामान विकणाऱ्याकडून ती मिळवावी लागली.

एकूण खर्च ३ लाख ४२ हजार रुपये आला. मजुरी २ लाख ३१ हजार, तांब्याचा पत्रा २६ हजार, आणि उरलेले चुना, वाळू, परांची व वाहतूक यांवर गेले. पहिल्या ठेकेदाराला आम्ही १ लाख ६० हजार दिले होते. रोजंदारीवर चालणारे काम असल्यामुळे लांबलेल्या दिवसांचा भार आपल्यावर येतो, तेव्हा जत्रेसारख्या खाड्यांचे पैसे धरणार नाही हे आधीच बोलून घ्यावे. आमच्याकडून त्यांनी ते घेतले नाहीत. गिलावा, दरजा भरणे, तशीच कौले बदलणे ही कामे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ खाली किरकोळ दुरुस्तीत मोडतात, पण घराची उंची किंवा क्षेत्रफळ वाढवायचे असेल तर परवानगी लागते आणि किनाऱ्यालगतच्या गावांत सागरी किनारा नियमनाचे नियमही आड येतात.

हे मिस्त्री सर्वांसाठी नाहीत. आरसीसी इमारतीतल्या गळतीसाठी त्यांना बोलावू नये, ते येणारही नाहीत. ज्यांना गणपतीपूर्वी किंवा लग्नापूर्वी घर चकचकीत करून हवे आहे, त्यांचाही हिरमोड होईल, कारण चुन्याची भिंत सुरुवातीला डागाळलेली आणि ढगाळ दिसते आणि तिचा पांढरेपणा वर्षभराने बसतो. पण ज्यांचे घर चुन्यातले आहे आणि ज्यांना ते आणखी एका पिढीला राहण्याजोगे ठेवायचे आहे, त्यांनी दिवाळीनंतर लगेच काम सुरू होईल अशा बेताने पावसाळ्यातच मिस्त्री शोधायला लागावे. आणि भिंतीला हात न लावता चौरस फुटाचा दर सांगणाऱ्याला काम देऊ नये.

जुलै २०२४ मध्ये, पहिला जोराचा पाऊस झाल्यावर, न बोलावता ते बोटीने पाहायला आले. भिंती आतून कोरड्या होत्या, फक्त तांब्याच्या पत्र्याच्या एका कोपऱ्यातून ओघळ येत होता. त्यांनी तो पावसाच्या उघडिपीत नीट केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. २०२५ च्या पावसाळ्यात तोही थांबला. न्हाणीकडच्या कोपऱ्यात मात्र वीतभर ओल अजून राहिली आहे. ती भिंतीची नसून सांडपाण्याच्या मोरीची आहे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि येत्या दिवाळीनंतर मोरी उकरून पाहायचे ठरले आहे.